गोष्ट अडली की मागे जाऊन वाचा

या महिन्याच्या टपालात शाळेत लिहायला दिलेल्या लघुकथेविषयीची पत्रं जास्त आहेत. शिक्षकांची आहेत, पालकांची आहेत, एक तर थेट विद्यार्थ्याचं आहे. नागपुरात मराठी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि मुलांच्या गोष्टी वाचण्याइतकं आवडतं काम मला दुसरं मिळालं नाही. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : मी मानेवाड्याकडच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते. यंदा पाठ्यपुस्तकातल्या ‘अपूर्ण कथा पूर्ण करा’वर न थांबता मुलांना दिवाळीच्या सुटीआधी स्वतःची एक लघुकथा लिहून द्यायला सांगितली आहे. वर्गात ५२ मुलं आहेत, तास ३५ मिनिटांचा. रफ बहुतेकांनी आणून दिलं. सुरुवात बरी असते, मग गोष्ट मध्येच थांबते आणि शेवटी कोणीतरी मरतं, नाहीतर ‘तेवढ्यात मला जाग आली’ असं येतं. मी चुका दाखवून वह्या परत दिल्या, तर तीच गोष्ट सुंदर अक्षरात उतरून आली. गोष्ट पुन्हा लिहायला शिकवायचं तरी कसं?
— एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, मुलांनी तुमचं ऐकलं आहे. तुम्ही लाल गोल केले, त्यांनी गोलातल्या चुका दुरुस्त केल्या. वहीत चौदा गोल दिसले की चौदा जागा नीट करायच्या, असाच अर्थ मुलं घेणार. आता यात होतं काय, की जे वाक्य गोष्टीत नकोच होतं त्याचेही ऱ्हस्व-दीर्घ सुधारले जातात आणि ते वाक्य शुद्ध होऊन तिथेच राहतं. एकदा फेअर वहीत, चांगल्या अक्षरात उतरवलेलं वाक्य खोडायला त्या वयाच्या मुलाचा हात धजत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की पहिल्या वाचनाला लाल पेन हातात घेऊ नका. शुद्धलेखनाबद्दल मी फार आग्रही आहे, वेलांटी चुकलेली मला खुपते. पण तिची पाळी सगळ्यांत शेवटी. आधी गोष्ट, मग परिच्छेद, मग वाक्य, मग वेलांट्या आणि उकार.

पहिल्यांदा वाचताना फक्त वाचक व्हा. वाचून झालं की खाली पेन्सिलीने दोन ओळी लिहा: कुठे तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहिलं आणि कुठे तुमचा धागा सुटला. त्यानंतर एक प्रश्न. एकच. पाच प्रश्न विचारले की मूल पाचांचीही एकेका ओळीत उत्तरं लिहून मोकळं होतं. एक प्रश्न असला की त्याला त्या प्रश्नापाशी बसावं लागतं.

हा एक प्रश्न कसा शोधायचा, ते एका गोष्टीवरून सांगते. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने तान्ह्या पोळ्याची गोष्ट लिहिली होती. गोष्ट सांगणारी बहीण, शाळेत तिच्या पुढच्या वर्गात असलेला दादा, आणि पहिलीतला धाकटा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं लाकडी बैल सजवून निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. या धाकट्याकडे आजोबांच्या वेळचा बैल होता, पण तो ओढायला दोरी नव्हती. दादाने आपल्या शाळेच्या बुटाची लेस काढून बैलाला बांधली. इथपर्यंत गोष्ट मला फार आवडली. त्यानंतर मात्र मिरवणूक निघाली, ढोल वाजले, धाकट्याच्या बैलाला पहिलं बक्षीस मिळालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तेवढ्यात जाग आली.

मी तिला स्वप्नाबद्दल काहीच बोलले नाही. बक्षिसाबद्दलही नाही. खाली एवढंच लिहिलं: “दादाच्या बुटाचं पुढे काय झालं?”

तिने वही उघडली, प्रश्न वाचला आणि माझ्याकडे बघून हसली. तिला स्वतःलाच त्या लेसचा विसर पडला होता. दोन दिवसांनी जे आलं ते असं. दुसऱ्या दिवशी शाळेत पीटीचे सर रांगेतून बूट बघत येतात. लेस अजून बैलाच्या गळ्यात आहे, कारण धाकटा ती सोडू देत नाही, बैल उशाशी घेऊन झोपतो. दादाला रांगेबाहेर काढतात. सर विचारतात, लेस कुठे आहे? दादा म्हणतो, “तुटली, सर.” बहीण शेजारच्या रांगेत उभी आहे. तिला खरं माहीत आहे.

त्याखाली तिने आणखी एक परिच्छेद लिहिला होता: भावंडांचं प्रेम किती थोर असतं आणि आपणही दुसऱ्यासाठी त्याग करायला हवा. मी तिला गोष्ट वर्गात मोठ्याने वाचायला लावली आणि “तुटली, सर” वर थांबायला सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग म्हटलं, आता पुढचा परिच्छेद वाच. तिने वहीकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाली, “नको मॅडम, हा काढते.”

ताई, मुलांच्या अडलेल्या गोष्टींत शेवट बहुतेक वेळा आधीच येऊन गेलेला असतो, पहिल्या पानावर, एखाद्या साध्या वस्तूत किंवा कोणीतरी सहज बोललेल्या वाक्यात. मुलं तो पुढच्या कोऱ्या पानावर शोधत बसतात. पुढे काही दिसलं नाही की स्वप्न, अपघात, आजार यांना बोलावतात, कारण त्यांना आधीची काही तयारी लागत नाही. ‘शेवट बदला’ असं लिहिलं तर मूल एका अपघाताच्या जागी दुसरा अपघात आणून ठेवतं. त्याला मागे पाठवायला हवं.

यासाठी एक अख्खा तास द्या. प्रत्येकाने आपल्या रफचं पहिलं पान घ्यायचं आणि पेन्सिलीने अधोरेखन करायचं: आलेली प्रत्येक वस्तू, प्रत्येक माणूस, कोणी कोणाला दिलेला शब्द, कोणाची भीती. मग उरलेल्या पानांत बघायचं, यातलं काय पुन्हा आलं? जे पुन्हा आलं नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह असलेल्या गोष्टीला एक तर परत आणायचं, नाहीतर तिथून काढून टाकायचं. या एका तासात निम्म्या वर्गाच्या गोष्टी हलायला लागतात. उरलेल्यांच्या पहिल्या पानावर अधोरेखन करण्यासारखं काही सापडतच नाही, आणि ती अडचण वेगळी आहे.

ही मुलं गाइडमधली सुरुवात आणतात. ‘रामपूर नावाचे एक निसर्गरम्य गाव होते. सूर्य उगवला होता. पक्षी किलबिलाट करत होते.’ मूल राहतं हुडकेश्वरला किंवा पारडीला, उन्हाळ्यात घरात कूलर असतो आणि टाकीत पाणी भरायची आज कोणाची पाळी यावरून रोज भांडण होतं. ते भांडण गोष्टीत यायला हवं. आपल्याकडे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात ते उन्हामुळेच. इतका कडक उन्हाळा ज्या मुलांनी अंगावर काढला त्यांच्या गोष्टीत कायम मंद वारा वाहत असतो, याचं मला वाईट वाटतं. अशा वहीचा पहिला परिच्छेद मागे दुमडून टाका, अक्षरशः कागदाची घडी घाला, आणि मुलाला दुसऱ्या परिच्छेदापासून वाचायला सांगा. पुष्कळदा गोष्ट तिथूनच सुरू झालेली असते आणि मुलाला ते ऐकताक्षणी कळतं. तिथूनही सुरू होत नसेल तर विचारा, तुमच्या घरात शेवटचं भांडण कशावरून झालं? त्या उत्तरातून नवं पहिलं वाक्य मिळतं.

५२ वह्या एकदम घेऊ नका, घाईने वाचल्या जातात. दर तासाला एक रांग घ्या. बाकीच्यांना जोडीने बसवा आणि वह्यांची अदलाबदल करा. लिहिणाऱ्याने स्वतःची गोष्ट वाचायची नाही, जोडीदाराने ती मोठ्याने वाचायची. लिहिणारा स्वतः वाचतो तेव्हा कागदावर नसलेलंही वाचून जातो, कारण ते त्याच्या मनात असतं. जोडीदार जिथे अडखळतो, जिथे ‘हा तो म्हणजे कोण?’ असं थांबून विचारतो, तिथे लिहिणाऱ्याने फुली मारायची. सर्वनामांचा गोंधळ असा एका वाचनात उघडा पडतो, तुम्हाला गोल करावा लागत नाही. वाचून झाल्यावर जोडीदाराने ‘छान आहे’ म्हणायला बंदी. ‘मला हे दिसलं’, ‘मला हे कळलं नाही’ किंवा ‘मग काय झालं?’ एवढंच बोलायचं. ‘मग काय झालं?’ हा प्रश्न घरी आजीला विचारायची सवय सगळ्यांना असते. वर्गात विचारायला मुलं पहिल्यांदा लाजतात, नंतर थांबत नाहीत.

गोष्टीत खरी जागा, खरा सण, खरं साल आलं असेल तर ते तपासणं हाही पुन्हा लिहिण्याचाच भाग आहे. एका मुलाच्या गोष्टीत पणजोबांचे आजोबा १८५७ च्या बंडात काळी मारबत, म्हणजे तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीने नेऊन जाळतात तो मोठा पुतळा, खांद्यावर घेऊन इंग्रजांसमोर जातात. प्रसंग जोरदार होता, पण नागपुरात काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. मी त्याला हे सांगितल्यावर तो हिरमुसला. मग त्याने घरी विचारपूस केली. पणजोबांच्या आजोबांबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं, पण त्याचे स्वतःचे काका दरवर्षी मारबतीसोबत निघणारा बडग्याचा पुतळा बनवतात, हे त्याला माहीत असूनही लिहावंसं वाटलं नव्हतं. कागद, बांबू, खळ, रात्रीची जागरणं आणि या वर्षी बडग्या कशाचा करायचा यावरचा वाद. दुसऱ्या वेळी त्याने काकांची गोष्ट लिहिली. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी पहिल्या रफमध्येही होती, पण दुसऱ्यात ती काकांच्या तोंडी आली आणि त्यांच्या घरातली पीडा कोणती हे वाचणाऱ्याला ठाऊक होतं.

गुणांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. रफ फेकू देऊ नका. पहिलं रफ, दुसरं रफ आणि फेअर तिन्ही एकत्र पिन लावून घ्या आणि गुण देताना पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत काय बदललं ते बघा. ज्या मुलाने पूर्ण पान काढून टाकलं त्याला त्याचे गुण मिळाले पाहिजेत. नाहीतर पान काढल्याने गोष्ट लहान झाली म्हणून गुण कमी होतील, ही भीती त्याच्या मनात राहते.

प्रश्न : मी दहावीत आहे. शाळेच्या वार्षिक अंकासाठी कथा लिहितोय. आजोबा रोज संध्याकाळी इतवारी स्टेशनजवळ जाऊन बसतात, कारण तिथून पूर्वी नागभीडची छोटी गाडी सुटायची. तीन पानं झाली, सोबत पाठवली आहेत. पुढे काही सुचत नाही. माझा मित्र म्हणतो, आजोबांना मारून टाक, शेवट होतो. मॅडम, काय करू?
— एक विद्यार्थी, दिघोरी, नागपूर

उत्तर : आजोबांना मारू नकोस. ते मेले की वाचणाऱ्याला वाईट वाटेल आणि त्या नादात ते स्टेशनवर का जायचे हे विचारायचं राहून जाईल. तू सुटशील, पण तुझे आजोबा कोण होते ते कोणालाच कळणार नाही. एखाद्या गोष्टीत मरण पहिल्या ओळीपासून दाराशी उभं असतं, तिथे ते जरूर यावं. तुझ्या तीन पानांत ते कुठेच नाही.

तुझी पानं मी दोनदा वाचली. आजोबा जातात, बसतात, टपरीवर चहा घेतात, जुन्या गाडीचं सांगतात, परत येतात. दुसऱ्या पानावर पुन्हा तेच, तिसऱ्यावर पुन्हा. तुला पुढचं सुचत नाही कारण तू रोजचं लिहितो आहेस. रोज घडणारं एकदा सांगून झालं की गोष्टीला असा एक दिवस लागतो, जो रोजच्यासारखा नाही. तो दिवस निवड. त्या दिवशी आजोबांना काहीतरी हवं असलं पाहिजे. नुसती आठवण काढायला माणूस घरीही बसू शकतो.

आता पहिल्या पानाकडे परत जा. खालून चौथ्या ओळीत तू लिहिलं आहेस, की आजोबांची बहीण भिवापूरला असते आणि ती गाडीने मिरच्या पाठवायची. बस्स, एवढंच. ही आजी पुन्हा तुझ्या गोष्टीत आलीच नाही. मला मात्र तिने सोडलं नाही. ती आहे ना अजून? आजोबा तिला भेटतात का? गाडी बंद झाली हे खरं, पण भिवापूरला एसटी जाते. मग आजोबा एसटीने का जात नाहीत? जो माणूस रोज उठून स्टेशनजवळ जाऊ शकतो, तो बसस्टँडवर का जात नाही? याचं उत्तर तुझ्याकडे असेल किंवा तुला ते बसून घडवावं लागेल. पण ते मिळालं की शेवटासाठी मित्राला विचारावं लागणार नाही.

काही गोष्टी दुरुस्त कर. तू लिहितोस, ‘मागच्या वर्षी मी आजोबांसोबत त्या गाडीत बसलो होतो.’ इतवारी–नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली, तिथे मोठ्या रुळांचं काम काढलं म्हणून. तू तेव्हा लहान होतास. एखादी फेरी आठवत असेल तर लहान मुलाला आठवेल तसं लिही: खिडकी किती उंच वाटली, कोणाच्या मांडीवर बसलास, कशाचा वास आला. त्या दोन रुळांत अवघं अडीच फुटांचं अंतर होतं, म्हणजे डबाही अरुंद. समोरासमोर बसलेल्यांचं बोलणं सगळ्या डब्याला ऐकू जात असणार. आजोबांना विचार, उमरेडला गाडी किती वेळ थांबायची, कोण चढायचं, काय विकायला यायचं. मिरचीची पोती डब्यात असायची का? असली तर सगळा डबा खोकत असेल. हे सगळं गोष्टीत घालू नकोस. दहा गोष्टी विचार आणि त्यातल्या दोन वापर.

मग शेवट लिही, एक नाही, तीन. वेगवेगळ्या कागदांवर, प्रत्येकी दहा ओळी. एकात आजोबा भिवापूरला जातात. एकात जात नाहीत. तिसऱ्यात काय होतं ते तू ठरव. तिन्ही कागद दोन दिवस दप्तरात ठेव, बघू नकोस. मग घरातल्या कोणाला तरी तिन्ही वाचून दाखव, पण तुला कोणता आवडतो ते आधी सांगू नकोस. निवडलेल्या शेवटाची शेवटची दोन वाक्यं हाताने झाक आणि पुन्हा वाच. ‘तेव्हा मला कळले की…’ असं काही तिथे असेल, तर झाकल्यावर गोष्ट बहुतेक वेळा चांगली वाटते. वाटली तर तिथेच थांब.

आणखी एक. ‘आजोबा उठले. काठी घेतात. दार उघडलं आणि बाहेर जातात.’ असं तुझ्याकडे जागोजागी आहे. एक काळ धर. भूतकाळात लिहायचं ठरवलंस तर सगळं भूतकाळात. रोजच्या सवयींसाठी ‘जायचे’, ‘बसायचे’ आणि त्या एका दिवसासाठी ‘गेले’, ‘बसले’ वापरलंस, तर तो दिवस वेगळा आहे हे वाचणाऱ्याला तुला वेगळं सांगावं लागणार नाही. हे काम सगळ्यांत शेवटी कर, गोष्ट पुरी झाल्यावर. अंक निघाला की मला एक प्रत पाठव, मी वाट बघते.

प्रश्न : माझ्या मुलीने शाळेत दिलेल्या कथेत आईचे संवाद आम्ही घरी बोलतो तसे नागपुरी बोलीत लिहिले. वहीवर ‘भाषा अशुद्ध, पुन्हा लिहा’ असा शेरा आला. मुलगी रडली, आता म्हणते सगळं बदलते. मी काय सांगू?
— एक आई, नागपूर

उत्तर : बाई, तिला सांगा, बदलू नकोस. आणि तुम्ही वही घेऊन शिक्षकांना भेटायला जा, भांडायला नाही. त्यांच्यासमोर दोन्ही वाक्यं ठेवा. मुलीने लिहिलं असेल, “काऊन रडून राहिली? कोण काय म्हणलं तुले?” शेऱ्याप्रमाणे बदललं तर होईल, “तू का रडत आहेस? तुला कोण काय म्हणाले?” दुसरं वाक्य व्याकरणात बसतं. पण ते बोलणारी बाई त्या स्वयंपाकघरात राहत नाही. मुलीने आपली आई कानाने लिहिली आहे. लिहिणाऱ्याकडे पहिली गोष्ट कान असावी लागते, आणि तो तिच्याकडे आहे हे तिला आज कोणीतरी सांगायला हवं. पाठ्यपुस्तकांतच बोलीतल्या कविता आणि उतारे जसेच्या तसे छापलेले असतात, मुलं ते पाठ करतात. शिक्षकांना त्याची आठवण करून दिलीत तर ते नक्की विचार करतील.

मात्र बोली लिहायची म्हणजे हवं तसं लिहायचं, असं तिने समजू नये. इथे तिला मेहनत करावी लागेल. निवेदन, म्हणजे गोष्ट सांगणारीचं बोलणं, तिने प्रमाण मराठीत ठेवलं असेल तर ते शेवटपर्यंत तसंच राहू दे. मध्येच निवेदनात ‘जाऊन राहिली’ आलं आणि पुढच्या ओळीत ‘जात होती’ आलं तर ती चूकच आहे, शेरा योग्य आहे. बोलीतले शब्द एकाच पद्धतीने लिहावेत. एकदा ‘पाह्यजे’ लिहिलं तर दहा ओळींनी ‘पायजे’ नको.

आणि सगळे जण एकसारखे बोलत नाहीत. एकच आई घरात ‘मले’ म्हणते आणि पालकसभेत बाईंसमोर ‘मला’ म्हणते. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, भाजी घेताना हिंदीत भाव करते, ऑटोवाल्याशी वेगळंच बोलते. मुलीला विचारा, तुझ्या गोष्टीत आई कोणासमोर कशी बोलते? आई घाबरली की तिची भाषा बदलते का? तिच्या गोष्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीतला प्रसंग असेल आणि आई तिथे अडखळत ‘मला’ ‘तुला’ करत असेल, आणि मग बाहेर पडल्यावर जिन्यात एकदम “चाल, मले भूक लागली,” म्हणत असेल, तर आई आत किती दबली होती हे एकही विशेषण न लिहिता कळेल. बोलीचा उपयोग हा आहे. सगळं प्रमाण केलं की ही जागाच उरत नाही.

अवतरणचिन्हं तेवढी नीट घालायला सांगा. बोलणं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे स्पष्ट असलं, की बोली आणि प्रमाण शेजारी शेजारी असले तरी वाचणारा गोंधळत नाही. पुष्कळदा ‘अशुद्ध’ हा शेरा खरं तर हरवलेल्या अवतरणचिन्हांमुळे येतो. बोर्डाच्या परीक्षेत वेळ आणि जागा दोन्ही कमी असतात, तिथे बोलीतला एखाद-दुसरा संवाद पुरे. वर्गातल्या गोष्टीला ती घाई नाही.

प्रश्न : मुलीची कथा मी थोडी नीट करून दिली तर काय हरकत आहे? तिच्या वर्गातली काही मुलं तर मोबाइलवरच्या एआय अ‍ॅपकडून लिहून आणतात.
— एक वडील, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : हरकत आहे. तुम्ही नीट केलेली गोष्ट तुमची होते आणि अ‍ॅपने लिहिलेली कोणाचीच नसते. वर सांगितलेल्या गोष्टीतल्या बुटाच्या लेससारखं काही त्यात येणार नाही, कारण तसं काही तुमच्या मुलीने बघितलेलं असतं, अ‍ॅपने नाही. बाकी मुलं काय करतात याची काळजी त्यांच्या शिक्षकांना करू द्या.

तुम्हाला मदत करायची आहे, हे मला कळतं आणि तुमची गरजही आहे. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून तिच्याजवळ बसा आणि तिची गोष्ट तिला मोठ्याने वाचून दाखवा. जसं लिहिलं आहे तसं वाचा, मनाने दुरुस्त करून वाचू नका. अडखळलात तर अडखळा, तिला ते ऐकू येईल. काही कळलं नाही तर विचारा. ती तोंडी जे सांगेल ते बहुतेक वेळा वहीत लिहिलेल्यापेक्षा चांगलं असतं, तेव्हा म्हणा, “हे आत्ता बोललीस तेच लिही.” पेन तिच्याच हातात असू द्या. तिने एखाद्या शब्दाची वेलांटी विचारली तर ती सांगा, आणि वाक्य कसं करू असं विचारलं तर म्हणा, “तू दोन-तीन करून बघ, मी ऐकतो.”